तळांमधलं अंतर किती असावं? हवाई लढाईचे मॅप आणि आपल्या खेळायच्या पद्धती

ढगांआड:

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचा २४ जणांचा गट आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळात दुसऱ्या महायुद्धातली प्रॉप (पंख्यावर चालणारी) विमानं घेऊन आठवड्यातून दोन रात्री आम्ही आमच्याच सर्व्हरवर लढतो, १२ विरुद्ध १२. मॅप, म्हणजे लढाईचं मैदान, मी बनवतो. आतापर्यंत तीन बनवले आणि तिन्हींवर अर्धा गट नाराज झाला. दर वेळी नाराज होणारी माणसं मात्र वेगळी होती, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या मॅपवर दोन बेटं, दोन तळ आणि मध्ये १५ किलोमीटर समुद्र. उडालं की दोन मिनिटांत गाठ पडायची. ज्यांना घिरट्या घेत एकमेकांच्या शेपटीला लागायला आवडतं ते खूश होते. ज्यांना वरून सूर मारायचा असतो त्यांना वर जायला वेळच मिळेना, आणि बॉम्बरवाले तर आपला किनारा सोडतानाच कोसळायचे. म्हणून दुसऱ्या मॅपवर ९० किलोमीटर ठेवले. तिथे बॉम्बर सुखात, उंचीवाले सुखात आणि बाकीचे दहा-दहा मिनिटं रिकामं आकाश बघत बसलेले. तिसऱ्यात मध्ये डोंगर घातले, तर निम्मे डोंगराच्या अलीकडे, निम्मे पलीकडे, कोणी कोणाला सापडेना.

मग कागद घेऊन बसलो. साधारण प्रॉप फायटर चढताना ताशी २७० किमी वेग धरतो असं समजा. म्हणजे मिनिटाला साडेचार किमी पुढे आणि जवळपास ९०० मीटर वर. दोन्ही बाजू चढत चढत एकमेकांकडे निघाल्या, तर मध्यावर भेटेपर्यंत जेवढी उंची कमावली जाते ती बरोबर तळांमधल्या अंतराचा दहावा भाग असते! १५ किमीला १५०० मीटर, ४० किमीला ४००० मीटर. ९० किमीला हिशेबाने ९००० येतात, पण तेवढ्या वर हवा विरळ होते, चढण मंदावते, म्हणून प्रत्यक्षात सात हजारांच्या आसपास गाठ पडते.

म्हणजे अंतर ठरवलं की लढाईची उंची ठरते. उंची ठरली की कुठलं विमान चालणार आणि कुणाला मजा येणार तेही ठरून जातं. बाकी झाडं, घरं, नद्या नंतर. सगळ्यांना काम मिळेल अशी मांडणी एकाच मॅपवर बसते का? तुमचे अनुभव लिहा.

सूर्यामागे:

दहाव्या भागाचा हिशेब फार आवडला. मी तुमच्या पहिल्या मॅपवर नक्की नाराज झालो असतो, का ते सांगतो.

माझी पद्धत बूम अँड झूम. वरून यायचं, एकदा मारायचं, मिळालेल्या वेगावर परत वर जायचं. लोक याला पळपुटेपणा म्हणतात, पण त्यामागे पक्कं गणित आहे. ताशी ७२० किमी म्हणजे सेकंदाला २०० मीटर, आणि हा सगळा वेग उंचीत बदलला तर सुमारे २००० मीटर होतात. ताशी ३६० ला तेच जेमतेम ५००. म्हणजे ७२० ने खाली आलेला माणूस ३६० वर येईपर्यंत नाक वर धरून राहिला, तर हवेचा रोध सोडून दीड हजार मीटर परत मिळवतो. माझी शिडी तेवढीच. ती लावायला समोरच्याच्या डोक्यावर किमान तेवढी जागा हवी. तुमच्या १५ किमीच्या मॅपवर अख्खी लढाईच १५०० मीटरवर, तिथे शिडी लावणार कुठे?

ही पद्धत आजची नाही. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के याने १९१६ साली वैमानिकांसाठी जे नियम लिहिले त्यात पहिलाच हा: हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा, जमलं तर सूर्य पाठीशी ठेवा. त्याच यादीत पुढे असंही आहे की शत्रूच्या हद्दीत असताना परतीची वाट कधी विसरू नका. म्हणजे निघून जाणं हा हल्ल्याचाच भाग धरलाय. १९६० च्या दशकात जॉन बॉईड आणि थॉमस क्रिस्टी यांनी विमानांची तुलना एनर्जीच्या (वेग आणि उंची मिळून) हिशेबाने मांडली, तीही हेच सांगते. फक्त वळणावर विमान तोलू नका, ते किती लवकर एनर्जी मिळवतं आणि गमावतं ते बघा.

जर्मन फॉके-वुल्फ १९० घ्या. १९४१ मध्ये आलं तेव्हा ब्रिटिश स्पिटफायर मार्क ५ ला लहान वळण सोडून जवळपास सगळीकडे भारी पडलं. ते विमान १५ किमीच्या मॅपवर ठेवणं म्हणजे त्याला फक्त वळायला सांगणं.

गिरकी:

सूर्यामागे, तुमचं गणित बरोबर आहे. पण ते गणित आकाश रिकामं करतं त्याचं काय?

मी वळणारा माणूस. स्पिटफायर, जपानी झीरो आणि की-४३, अशी चटकन वळणारी विमानं. ताशी ४०० किमी आणि ४ जी (अंगावर वजनाच्या चौपट भार) ला वळणाची त्रिज्या सव्वातीनशे मीटर भरते. ६०० ला तेच सव्वासातशेच्या पुढे जाते. माझा सगळा खेळ त्या सव्वातीनशे मीटरमध्ये आहे. समोरच्याच्या काचेची चौकट दिसते. त्याने थ्रॉटल कमी केला हे त्याच्या नाकावरून कळतं. दोन-तीन मिनिटं एकाच माणसाशी झुंजताना हाताला घाम येतो. ती झुंज हरलो तरी मला ती रात्रभर आठवते. वरून एक सावली आली, पंख तुटला, संपलं, यातून मी काय शिकायचं?

आणि ९० किमीच्या मॅपवर घडतं असं की सगळेच वर जातात. जो आधी खाली येईल तो मरणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणीच येत नाही. चोवीस जण सात हजार मीटरवर एकमेकांभोवती लांबून फिरतात. मी अशा रात्री पाहिल्यात. एक गोळी न झाडता उतरलोय.

माझी मागणी साधी आहे. खाली काहीतरी असू द्या ज्यासाठी खाली यावंच लागेल.

अर्धातास:

माझ्या आयडीतच माझी अडचण आहे. मला रोज अर्धा तास मिळतो. दहा मिनिटं चढायचं, तीस सेकंद लढायचं, मेलो की परत दहा मिनिटं. म्हणजे रात्रीच्या दोन, फार तर तीन चकमकी. असं वर्षभर खेळूनही हात बसत नाही, कारण सराव चढण्याचा होतो, लढण्याचा नाही.

वॉर थंडर या खेळाच्या आर्केड मोडमध्ये मी याचसाठी रमलो. हवेतच सुरुवात, विमान गेलं की दुसरं, गोळ्या उडतानाच पुन्हा भरतात. रिअलिस्टिकमध्ये सामन्याला एकच विमान आणि फायटर धावपट्टीवरून निघतो, तिथे चुकीची किंमत मोठी. दोन्ही एकाच खेळात आहेत, कित्येक मॅपची जमीनही तीच. स्पॉन, म्हणजे विमान कुठून आणि कसं सुरू होतं ते, बदलला की खेळ बदलतो. म्हणून ढगांआड, तुम्ही अंतराबरोबर स्पॉनचाही विचार करा.

मालवाहू:

मी बॉम्बर आणि मालवाहू विमानं उडवतो. आमच्यासारख्यांचं मत सहसा कुणी विचारत नाही, म्हणून हे थोडं लांबेल.

गिरकी म्हणतात खाली काहीतरी असू द्या. बरोबर आहे, पण त्या 'काहीतरी'ला किंमत हवी. एका खेळात मी पंचवीस मिनिटं उडून शत्रूचा कारखाना गाठला, बॉम्ब बरोबर पडले, धूर दिसला, गुण मिळाले. लढाईवर काय परिणाम झाला? काहीच नाही. त्यांच्या फायटरवाल्यांना कारखाना गेल्याचं कळलंही नाही. ज्या निशाण्याच्या जाण्याने कुणाचं काही बिघडत नाही, त्याचं रक्षण करायला कोण येईल? आणि रक्षणाला कोणी येणार नसेल तर मी तरी एस्कॉर्ट (सोबतीला फायटर) का मागू? तिथेच चार प्रकारच्या खेळाडूंची भेट हुकते.

खरा इतिहास बघा. १९४० च्या ब्रिटनवरच्या लढाईत दोन्ही बाजू भेटल्या त्या निशाण्यामुळे. डोव्हरजवळ इंग्लिश खाडी सर्वात अरुंद आहे तिथे सुमारे ३३ किमी. तरी जर्मन फायटर मेसरश्मिट १०९ ला लंडनवर लढायला दहाएक मिनिटांचंच इंधन उरायचं. बॉम्बर लंडनला जाणार म्हणून १०९ ला जावं लागे, आणि बॉम्बर येतायत म्हणून ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेनना उठावं लागे. नुसते फायटर घिरट्या घालून गेले असते तर इंग्रजांनी वर यायचं टाळलं असतं, तसं ते काही वेळा टाळतही होते. बॉम्बर आले की टाळता येत नसे.

आता खेळातलं माझं आवडतं उदाहरण. एसेस हायमध्ये तीन बाजू असतात आणि तळ जिंकायचा तर आधी शेजारचं गाव झोडपावं लागतं, मग १० सैनिक मॅप-रूम नावाच्या इमारतीत पोचवावे लागतात. नुसत्या बॉम्बने तळ मिळत नाही. सी-४७ मधून ते सैनिक खाली सोडायचे. त्या क्षणी मॅपवरचं सर्वात महत्त्वाचं विमान म्हणजे एक संथ, बंदूक नसलेलं मालवाहू! ते दिसलं की सहा हजार मीटरवरचा माणूसही झक मारत खाली येतो, कारण आला नाही तर तळ गेला. मी असा खाली दऱ्यांतून, झाडांच्या शेंड्यांवरून गेलोय आणि माझ्यामागे आमचे चार आणि त्यांचे पाच एकमेकांत गुंतलेत. गिरकींना हवी असलेली झुंज तीच होती. ती वळणाऱ्यांसाठी म्हणून कुणी वेगळी आखलेली नव्हती, माझ्या पोटातल्या दहा जणांमुळे घडली.

तेव्हा ढगांआड, अंतर ठरवा, पण त्याआधी मॅपवर कशाच्या जाण्याने कुणाचं बिघडणार आहे ते ठरवा.

गिरकी:

मालवाहू, +१. तुमच्यासारखा माणूस आमच्या बाजूला असेल तर मी एस्कॉर्टला येईन.

काचघर:

मी फक्त कॉकपिटमधून, मार्करशिवाय (विमानांवर दिसणाऱ्या खुणा बंद ठेवून) खेळतो. वॉर थंडरचा सिम्युलेटर मोड किंवा आयएल-२ हा खेळ. आमच्या बाजूने दोन-तीन गोष्टी, ज्या मार्कर लावून खेळणाऱ्यांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली म्हणजे सूर्य. तुमचे दोन तळ पूर्व-पश्चिम असतील आणि सर्व्हरची वेळ संध्याकाळची असेल, तर पश्चिमेकडून येणारा अख्खा संघ सूर्यातून येतो आणि पूर्वेकडच्याला तो शेवटपर्यंत दिसत नाही. मार्कर असतील तर फरक पडत नाही. नसतील तर सामना त्यावरच जातो. मी असा मॅप महिनाभर खेळलोय. पश्चिमेकडचा तळ मिळाला की आम्ही जिंकायचो आणि आपण फार भारी खेळतो असं समजायचो. तळ उत्तर-दक्षिण ठेवा, किंवा वेळ दुपारची ठेवा.

दुसरी, खालची जमीन. दाट जंगलावर गडद रंगाचं विमान हरवतं, बर्फावर किंवा शांत समुद्रावर तेच ठळक दिसतं. खालून जाणाऱ्याला लपायला जंगल, पाहणाऱ्याला शोधायला पाणी. मालवाहूंच्या वाटेवर झाडी असेल तर त्यांना संधी आहे. सगळीकडे समुद्रच असेल तर ते गेले. आणि नुसत्या समुद्रावर वाट काढणंही अवघड. आम्ही नदीचं वळण, रेल्वेचा फाटा, दोन रस्ते मिळतात तो चौक, यांवरून उडतो. ढगांआड, तुमच्या तिसऱ्या मॅपवर माणसं एकमेकांना सापडली नाहीत याचं कारण डोंगर नसावेत. सगळ्यांना ओळखता येईल अशी एकही खूण नसावी. 'पुलापाशी भेटू' म्हणता यायला पूल हवा.

तिसरी, ढग. अडीच ते तीन हजार मीटरवर ढगांचा तुटक थर घाला आणि बघा. आकाश दुमजली होतं. वरच्याला खालचं तुकड्या-तुकड्यात दिसतं, खालच्याला पळून शिरायला जागा मिळते. एस कॉम्बॅट ७ हा सिम्युलेटर नाही, पण २०१९ साली आलेल्या त्या खेळात ढगांचं काम फार विचाराने केलंय. ढगात शिरलात की मागच्या क्षेपणास्त्राचा माग सुटायला मदत होते, पण जास्त वेळ थांबलात तर विमानावर बर्फ धरतं. आसरा आहे आणि त्याची किंमतही आहे.

नॉच:

जेटवाल्यांचंही ऐका. अंतर भागिले दहा हा हिशेब आमच्याकडे चालत नाही. आमच्या चढण्याला वेळच लागत नाही, आणि पहिली गोळी डोळ्यांना काही दिसायच्या आधी सुटते.

आमच्यासाठी जमीन हाच मॅप. जमिनीवरचा रडार, अँटेना १० मीटर उंचीवर. सपाट जमिनीवर ५००० मीटरवरचं विमान त्याला पृथ्वीच्या गोलाईच्या हिशेबाने ३०० किमीवरून दिसू शकतं. तेच विमान ५० मीटरवर आलं तर ४२ किमीच्या आत येईपर्यंत दिसत नाही. मध्ये एक टेकडी आली की तेवढंही नाही. म्हणून सपाट मॅपवर जेटची लढाई म्हणजे कोण आधी वर जाऊन लांबून क्षेपणास्त्र सोडतो एवढंच उरतं. वर हवा विरळ, क्षेपणास्त्राला रोध कमी, ते खूप लांब जातं. खाली दाट हवेत तेच लवकर दमतं. डोंगर दिले की खाली राहणाऱ्यालाही डाव मिळतो.

डीसीएस या सिम्युलेटरचा कॉकेशसचा मॅप याचसाठी मला प्रिय आहे. एका बाजूला काळा समुद्र, दुसरीकडे पर्वतरांग, त्यात ५६४२ मीटरचा एल्ब्रुस, आणि दोन्हींच्या मध्ये जॉर्जियाचं सपाट खोरं. एकाच उड्डाणात तीन वेगळे खेळ. समुद्रावर लांब पल्ल्याचा, खोऱ्यात मधला, आणि दऱ्यांत इतका जवळचा की गन वापरावी लागते. माझ्या आयडीतली युक्तीही तिथेच शिकलो. डॉप्लर रडारला (जवळ येण्या-जाण्याच्या वेगावरून विमान ओळखणाऱ्या) काटकोनात उडायचं, म्हणजे त्याच्या दृष्टीने आपण जवळही येत नाही आणि लांबही जात नाही, आणि जमिनीवरून परत येणारा सिग्नल गाळताना तो आपल्यालाही गाळतो. मागे डोंगर असेल तर हे जमतं. मागे नुसतं आकाश असेल तर तेवढं नाही.

आणखी एक, दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या ठेवायचा हट्ट सोडा. कोरियात १९५० ते ५३ मध्ये मिग-१५ चा तळ यालू नदीच्या लगेच पलीकडे, चीनच्या हद्दीत, आणि तिथे हल्ला करायला अमेरिकन वैमानिकांना मनाई. अमेरिकन सेबर जेट दक्षिणेतून सुमारे तीनशे किमी उडून यायचे आणि त्यांच्याकडे वीसेक मिनिटं असायची. मिग त्यांच्यापेक्षा उंच जायचा. आता हा मॅप कुणी बनवून दिला तर आपण 'अन्याय' म्हणून ओरडू. पण दोन्ही बाजूंना वेगवेगळे प्रश्न पडले म्हणून तर ती लढाई अजून अभ्यासली जाते.

गिरकी:

नॉच, इथे माझा विरोध. खऱ्या युद्धात विषमता असते, कारण तिथे पर्याय नसतो. आम्ही रात्री नऊला जमून खेळणारे. एक संघ दर वेळी वीस मिनिटांच्या इंधनावर आणि दुसरा आपल्या अंगणात असेल तर महिन्याभरात पहिला संघ रिकामा होईल. कारण काहीही सांगा, माणसं हरण्यापेक्षा लाचार होण्याला जास्त कंटाळतात.

सूर्यामागे:

गिरकी, विषमता कमजोर विमानाला वाचवतेही. पॅसिफिकमधलं ग्वाडलकॅनाल बेट, १९४२. वळणात अमेरिकन वाइल्डकॅट झीरोपुढे टिकत नव्हतं. झीरो रबाऊलच्या जपानी तळावरून यायचे, एका बाजूचं अंतर हजार किमीच्या आसपास. वाटेतल्या बेटांवर लपून बसलेले टेहळे आगाऊ वर्दी द्यायचे, त्यामुळे वाइल्डकॅटना वर चढून बसायला वेळ मिळायचा. मग एक सूर आणि खाली पसार. झीरोला पाठलाग परवडायचा नाही, घरी जायला इंधन पुरायला हवं. तोच वाइल्डकॅट तुमच्या आरशासारख्या मॅपवर १५ किमीवर ठेवा, झीरो त्याला दहातले नऊ वेळा खाईल. तेव्हा सारखा मॅप म्हणजे न्याय्य मॅप असं नाही, विमानं वेगळी असतील तर.

थोडं अवांतर: अमेरिकन नौदलाचा वैमानिक जॉन थॅच याने दोन वाइल्डकॅटनी एकमेकांना कापत उडायची जी वीण बसवली, ती जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत वापरली गेली. जोडीने उडणाऱ्या वळणवाल्यांनी ती जरूर शिकावी. वरून येणाऱ्या माझ्यासारख्याला ती फार त्रास देते.

गिरकी:

हे पटलं. बाजू अदलाबदल करा म्हणजे झालं. अर्ध्या वेळाने तळ बदला.

अर्धातास:

आणि माणसं किती यावर कुणी बोललंच नाही. ६० बाय ६० किमीच्या मॅपवर २४ जण म्हणजे प्रत्येकी दीडशे चौरस किमी. ९० बाय ९० ला ३३७. रिकामं वाटणारच. ज्या रात्री १४ जणच येतात तेव्हा तर विचारूच नका. आणि ८ विरुद्ध ६ झालं की काय करायचं?

मालवाहू:

एसेस हायमध्ये जी बाजू संख्येने जड होते तिला सर्वात चांगली विमानं मिळणं बंद होतं. माणसाला जबरदस्तीने बाजू बदलायला लावण्यापेक्षा हे बरं.

ढगांआड:

तीन दिवस तुमचं सगळं पुन्हा पुन्हा वाचलं आणि चूक सापडली. मी एकच अंतर शोधत होतो. तळांची एकच जोडी असली पाहिजे असं मी धरूनच चाललो होतो.

नवा आराखडा असा. मध्यभागी नदी आणि तिच्यावर एक मोठा पूल. तळ उत्तर-दक्षिण, वेळ दुपारी दोन. पुलापासून दोन्हीकडे १० किमीवर पुढच्या कच्च्या धावपट्ट्या, तिथे फक्त हलकी, वळणारी विमानं. पुलापासून ४० किमीवर मागचे मोठे तळ, तिथे जड फायटर, बॉम्बर आणि मालवाहू. पुढच्या पट्ट्या एकमेकींपासून २० किमी, म्हणून तिथली लढाई २००० मीटरच्या खाली. मागचे तळ ८० किमी, तिथून येणारा सहा-साडेसहा हजारांवर पोचतो, पण त्याला पुलावर यायला नऊ मिनिटं लागतात. पुढच्यांना दोनच. म्हणजे गिरकींना सुरुवातीची सात मिनिटं त्यांची स्वतःची आहेत, मग छप्पर भरायला लागतं.

बॉम्बरना मागच्या तळावर ३५०० मीटरवर हवेतच सुरुवात, कारण त्यांच्या चढण्याच्या वेगाने धावपट्टीवरून निघाले तर रात्र संपेल. अर्धातास, तुमच्यासाठी पुढची पट्टी आहेच.

आता कशाने कुणाचं बिघडतं ते. पुढच्या पट्टीवर ठराविक विमानंच असतील. संपली की मागून मालवाहूने आणायची, एका फेरीला आठ. मागचा कारखाना पडला की फेरीला चारच. पूल पडला तर पुढच्या पट्टीची विमानभेदी तोफ अर्ध्या तासासाठी बंद. तोफ चालू असताना कुणी धावपट्टीवर घिरट्या घालून उडणाऱ्यांना टिपू शकणार नाही. बंद झाली की टिपेल.

सूर्यामागे:

म्हणजे पूल तोडला की माझ्यासारख्यांना पुढची पट्टी मोकळी. आणि मालवाहू रोखला की त्यांची विमानं संपतात. दोन्ही कामांना खाली यावं लागेल. येईन.

गिरकी:

सात मिनिटांनंतर आमचं काय? वरून पाऊस पडणार.

काचघर:

त्यासाठीच ढगांचा थर. पुलावर अडीच हजारांवर ठेवा, मागच्या तळांवर आकाश मोकळं. आणि नदीकाठी जंगल दाट करा.

ढगांआड:

घातला. शनिवारी उडवून बघतो.

ढगांआड:

शनिवारी २२ जण आले, रविवारी १९. जे झालं ते जसंच्या तसं.

पुढची लढाई हिशेबाप्रमाणे दीड ते दोन हजारांवर लागली आणि तिथेच राहिली. दहाव्या मिनिटाला उंचीवाले आले, पण ढगांमुळे त्यांना एकच सूर मारता येत होता. खालचे आत शिरायचे, बाहेर दुसरीकडून निघायचे. एकदा दोघांनी विणकामासारखं उडून वरून आलेल्याला पाडलं, तेव्हा सगळ्यांनी माईकवर एकच गलका केला.

सर्वात जास्त माणसं एका जागी जमली ती मालवाहूमुळे. दक्षिणेकडच्या पट्टीवर दोनच विमानं उरली होती. आमच्या गटातला एक जण, जो एरवी कधीच फायटर सोडत नाही, तो स्वतःहून मालवाहू घेऊन निघाला आणि नदीच्या पात्रातून ३० मीटरवरून आला. उत्तरेच्या कुणीतरी त्याला रेल्वेच्या फाट्याजवळ पाहिलं आणि सांगितलं. मग वरचे सहा जण खाली, त्यांच्यामागे आमचे पाच. मालवाहू पट्टीपासून दोन किमीवर पडला. हरलो, पण त्या चार मिनिटांबद्दल सगळे अजून बोलतायत.

बिघडलेल्या दोन गोष्टी. कारखाना फार मागे ठेवला होता, बॉम्बरना जाऊन येईपर्यंत सामन्याचा निकाल लागलेला असायचा. आणि उत्तरेकडून पुलावर येताना एक टेकडी आडवी येते, दक्षिणेकडून येत नाही. त्यामुळे उत्तरेच्या बॉम्बरना पूल उशिरा दिसतो. मला वाटलं होतं कुणाच्या लक्षात येणार नाही.

मालवाहू:

टेकडी काढून टाकू नका. दक्षिणेलाही द्या, वेगळ्या ठिकाणी. खालून येणाऱ्याला तीच आडोसा आहे.

नॉच:

+१. आणि कारखाना १२ किमी पुढे आणा, मागच्या तळाच्या बाजूला. तळावरून उडणारे फायटर आपोआप त्याच्या आसपास असतील, वेगळं रक्षण लावावं लागणार नाही.

ढगांआड:

कारखाना हलवला. दक्षिणेला नदीच्या दुसऱ्या वळणापाशी १८० मीटरची टेकडी घातली आहे, तिच्या मागून पात्रात शिरता येतं. ढगांचा थर २०० मीटर खाली घेतला. फाइल आज रात्री टाकतो. मालवाहू, बुधवारी तुम्हीही या, दक्षिणेची पहिली फेरी तुमची.

मालवाहू:

येतो. गिरकींना सांगा, एस्कॉर्टचं बोललेत ते माझ्या लक्षात आहे.

गिरकी:

पट्टीवर थांबतो. पात्रात शिरायच्या आधी आवाज द्या.